मूनबाउन्ससाठी घरगुती डिश : नाशकात कोण कोण करतंय?

ओळंबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

हॅम रेडिओचे, म्हणजे परवाना काढून हौसेनं रेडिओ स्टेशन चालवणाऱ्यांचे, धागे इथे अधूनमधून निघतात पण सगळे टू मीटर, रिपीटर, फार तर सॅटेलाइटपर्यंत जाऊन थांबतात, म्हणून हा वेगळा काढतोय. विषय आहे मूनबाउन्स, म्हणजे आपला सिग्नल चंद्रावर आपटवायचा आणि परत येईल तो पकडायचा, आणि त्यासाठी लागणारी डिश इथेच, आपल्या हातानं उभी करायची. इंग्रजीत यावर ढिगानं माहिती आहे, पण लिहिणारे बहुतेक ४०-५० अक्षांशावर राहणारे, त्यांचा चंद्र कायम दक्षिणेकडून जातो. नाशिक २० अक्षांशावर आहे. आपल्याकडे चंद्र डोक्यावर येतो आणि महिन्यातले काही दिवस चक्क डोक्याच्या उत्तरेला जातो, त्यामुळे त्यांचं माउंट, म्हणजे डिश धरून फिरवणारा सांगाडा, जसंच्या तसं उचललं की इथे अडकायला होतं. त्यावर पुढे बोलूच.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. चंद्र सरासरी ३,८४,४०० किमीवर, सिग्नलला जाऊन यायला अडीच सेकंदांच्या जरा वर लागतात. चंद्र त्याच्यावर पडलेल्यापैकी जेमतेम ७ टक्के परत फेकतो, तेही सगळीकडे पसरून. १२९६ मेगाहर्ट्झवर जाऊन-येऊन होणारा एकूण लॉस धरला तर साधारण २७१ डीबी (दर १० डीबीला सिग्नल दहावा हिस्सा उरतो). हा आकडा बघूनच पुष्कळ जण नाद सोडतात पण सोडायचं काही कारण नाहीये. अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअरनं १० जानेवारी १९४६ ला प्रोजेक्ट डायनामध्ये चंद्राचा पहिला प्रतिध्वनी पकडला, आणि हौशी मंडळींनी जुलै १९६० मध्ये याच १२९६ वर चंद्रामार्फत पहिला दुतर्फा संपर्क केला. त्या काळच्या व्हॉल्व्हवाल्या रिसीव्हरनी जे जमलं ते आजच्या इवल्याशा ट्रान्झिस्टरनी का जमू नये?

माझा प्लॅन असा आहे. केबलवाल्यांच्या जुन्या ८ फुटी जाळीच्या छत्र्या अजून कित्येक गच्च्यांवर गंजत पडल्यात, भंगारवाल्याकडेही मिळतात, त्यातली एक धरायची. बँड १२९६. फीड (डिशच्या फोकसवर बसणारा छोटा अँटेना), एलएनए (येणारा क्षीण सिग्नल वाढवणारा पहिला ॲम्प्लिफायर) आणि माउंट घरी बनवायचं. ज्यांनी यातलं काहीही केलंय त्यांनी इथे लिहा, ज्यांना करायचंय त्यांनीही लिहा.

---

निफाडकर

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

एक शंका. माझ्याकडे मळ्यात जागाच जागा आहे, विजेच्या लाइनचा रेडिओत येणारा आवाजही फार नाही. मग १४४ मेगाहर्ट्झवर चार लांब यागी (जुन्या टीव्हीच्या अँटेनासारख्या) लावून का सुरू करू नये, डिशच्या भानगडीत पडायचंच कशाला? ४३२ वर पण जमेल ना? यागी तर ॲल्युमिनिअमच्या नळ्या आणून दोन दिवसात होते.

---

ओळंबा

निफाडकर दादा, १४४ जरूर करा, जगात सगळ्यात जास्त गर्दी तिथेच आहे आणि चार यागीत काम होतं. फक्त दोन गोष्टी बघा. तिथे आयनोस्फिअरमधून जाताना सिग्नलचं पोलरायझेशन, म्हणजे लहरीची आडवी-उभी दिशा, फिरतं, फॅरेडे रोटेशन म्हणतात त्याला, तुम्ही आडवं पाठवलेलं उभं होऊन येतं आणि मग तुमचीच यागी त्याला ओळखत नाही, कधी तासभर वाट बघायची. दुसरं म्हणजे १४४ वर आकाशच गरम असतं, आकाशगंगेचा आवाज शेकडो केल्विन (रेडिओतला आवाज तापमानात मोजतात), त्यामुळे रिसीव्हर कितीही चांगला केला तरी एका मर्यादेपलीकडे फायदा नाही. १२९६ वर आकाश एकदम थंड, काही केल्विन फक्त, आणि वर्तुळाकार पोलरायझेशन वापरतात म्हणून फिरण्याचा प्रश्नच मिटतो. इथे तुम्ही रिसीव्हरवर घेतलेली प्रत्येक मेहनत कानाला ऐकू येते.

४३२ चं मात्र विसरा. जग ४३२ च्या आसपास मूनबाउन्स करतं आणि आपल्याला या सत्तर सेंटीमीटरच्या बँडमध्ये ४३४ ते ४३८ दिलेलं आहे. १२६० ते १३०० आपल्याला आहे, त्यामुळे १२९६ बसतं. तरी प्रत्येकानं स्वतःच्या लायसन्सवरची बँडची आणि पॉवरची यादी बघूनच पुढे जावं.

---

सिन्नर_फॅब

मी हॅम नाही, पण फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि वाचून हात शिवशिवायला लागले. छत्री भंगारातून कशाला, ३ मीटरची नवी बनवू की. मला फक्त एवढं सांगा की अ‍ॅक्युरसी किती लागते आणि जाळी कोणती. मिलिमीटरचा दहावा भाग मागितला तर नाही होणार, पाच-सात मिलिमीटर म्हणाल तर डोळे झाकून.

---

ओळंबा

दादा तुमच्यासारखा माणूस धाग्यावर आला यातच अर्धं काम झालं.

पृष्ठभागाला तरंगलांबीच्या सोळाव्या भागापर्यंतची चूक चालते असा अंदाज धरतात. १२९६ ची तरंगलांबी २३ सेंटीमीटर, म्हणजे १४ मिलिमीटर. तुमचे पाच-सात म्हणजे उत्तमच. जाळीची भोकं तरंगलांबीच्या दहाव्या भागाहून लहान हवीत, पण ती शेवटची हद्द समजा, कारण भोकातून जमिनीची उष्णता मागून आत झिरपते. अर्धा इंची वेल्डमेश चालते, पाव इंची असेल तर निवांत. कोंबड्यांची षटकोनी जाळी स्वस्त पडते पण तिचे पीळ गंजले की एका तारेचा दुसरीशी संपर्क सुटत जातो, गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेशच घ्या.

आकारासाठी एकच सूत्र. मध्यापासून जितकं बाहेर जाल त्या अंतराचा वर्ग, भागिले फोकल लेंग्थची चौपट, ही त्या जागची उंची. ३ मीटरची डिश, फोकस १.२ मीटरवर धरा, तर कडेला म्हणजे १.५ मीटरवर उंची येते २.२५ भागिले ४.८, म्हणजे ४७ सेंटीमीटर. मधल्या जागांची उंची दर १० सेंटीमीटरला काढून प्लायवर वक्र मारा, तोच फर्मा. एक फर्मा नीट झाला की सगळ्या बरगड्या त्याच्यावर.

---

सिन्नर_फॅब

समजलं. मग असं करू. एक इंची ॲल्युमिनिअम स्क्वेअर पाइप, १६ बरगड्या, फर्म्यावर घेऊन आतल्या अंगाला करवतीनं बारीक खाचा मारत वाकवायच्या, मागून सरळ पाइपची कैची देऊन रिव्हेट. वेल्डिंग नको, ॲल्युमिनिअमला ताप दिला की ओढतं आणि फर्मा वाया जातो. मधला हब ६ मिमी पत्र्याच्या दोन चकत्या, लेझर कटिंग अंबडला होतं. कडेला एक गोल रिंग फिरवायची, तीही तुकड्यातुकड्यात. जाळीचे पाकळीसारखे त्रिकोण कापून बरगडीवर एकावर एक दोन इंच चढवून बाइंडिंग वायरनी बांधायचे. वजन जाळीसकट ३५-४० किलोच्या पुढे जाऊ नये असं बघतो.

---

आडगावचा_विद्यार्थी

मी इंजिनिअरिंगला आहे थर्ड इयर ईएनटीसी, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ऑलरेडी एक छत्री आहे जाळीची, केबलवाला सोडून गेला, सोसायटी म्हणते फुकट घेऊन जा फक्त खाली उतरवा. व्यास २.४ मीटर भरला, पण फोकस कुठे आहे कसं कळणार, मधला एलएनबी (फोकसवरचा रिसीव्हरचा डबा) आणि त्याच्या काड्या कोणीतरी आधीच नेल्यात. आणि वाकलेली आहे का ते कसं ओळखायचं?

---

ओळंबा

फार चांगलं. छत्रीच्या कडेला आरपार दोरी ताण आणि मध्यावर दोरीपासून तळापर्यंत खोली मोज. व्यासाचा वर्ग भागिले खोलीची सोळा पट, झाली फोकल लेंग्थ. समज खोली ३८ सेंटीमीटर भरली तर ५.७६ भागिले ६.०८, म्हणजे ९५ सेंटीमीटर. फोकसला व्यासानं भागलं की ०.३९ येतं, फीड कोणतं बसेल ते या आकड्यावर ठरतं म्हणून तो वहीत लिहून ठेव.

वाकण्याचं असं की कडेला समोरासमोर खुणा करून दोन दोऱ्या अधिकच्या चिन्हासारख्या ताण. मधे त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. फट दिसली किंवा एकीनं दुसरीला दाबलं तर डिश पिळवटलेली आहे. मग जागा बदलून परत, तिरप्या. बहुतेक वेळा कडेचा एखादा बोल्ट सैल करून, दाबून, परत आवळला की जमतं. सुतळी घेऊ नकोस, झोळ पडतो, मासेमारीची नायलॉन दोरी घे.

या छत्र्या सी-बँडच्या, म्हणजे ४ गिगाहर्ट्झला चालायच्या, तेव्हा १२९६ ला जाळीची काळजी करायची गरजच नाही.

---

रोहिणी_पंचवटी

विज्ञान शिकवते म्हणून या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवलं नाही. जाळीची डिश म्हटलं की लांब कुठे बघायची गरज नाही, पुणे-नाशिक हायवेवर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मधल्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या भागात आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी तिथे जे केलं ते इथल्या चर्चेला थेट लागू पडतं. पत्र्याची किंवा जड सांगाड्याची डिश न करता स्टेनलेस स्टीलचे दोर ताणून त्यांचा परवलयासारखा आकार केला आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वरच्या जाड तारेची जाळी बसवली. भोकं १०, १५ आणि २० मिलिमीटरची, मध्याकडे बारीक, कडेकडे मोठी. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. आणि ती १४०० मेगाहर्ट्झच्या थोडं पुढेपर्यंत काम करते, म्हणजे तुमचं १२९६ त्याच्या आत येतं!

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं. मुलांना नेलं की मी स्वतः त्या जाळीखाली उभी राहून वर बघते. जाळीतून आभाळ दिसत असतं आणि तरी रेडिओला तो आरसा असतो, हे मुलांना समजावताना माझाही आनंद जुना होत नाही.

---

निफाडकर

ताई हे भारी सांगितलंत. दोर ताणून आकार आणायचं म्हणजे द्राक्षबागेत आम्ही वेगळं काय करतो, वाय अँगलवर तार टाकायची आणि शेवटाला खेचणी लावून ताणायची. ताण कमीजास्त झाला तर अख्खी लाइन लोंबते. मळ्यात जुनी गॅल्व्हनाइज्ड तार आणि टर्नबकल पडलेत, फॅबवाले दादा, बरगड्यांच्या मधे अशी तार गोल गोल टाकली तर जाळी मधे फुगणार नाही ना?

---

सिन्नर_फॅब

एकदम बरोबर. १६ बरगड्यात कडेला दोघींमधलं अंतर ५९ सेंटीमीटर येतं, तिथे जाळी सरळ बसणार आणि वक्र तुटणार. तारेचे तीन-चार फेरे टाकले तर जाळीला मधे आधार मिळतो. पण फार ताणू नका, बरगड्या आत ओढल्या जातील, फर्मा लावून बघत बघत ताण द्यायचा.

---

पाथर्डीफाटा_काका

सगळं वाचलं. मंडळी डिशबद्दल फार बोलताय, फीडबद्दल कुणीच बोलत नाहीये. मी जुना हॅम आहे, मला विचाराल तर अडीच मीटरची डिश आणि चांगलं फीड हे चार मीटरची डिश आणि कसंतरी फीड यापेक्षा कधीही बरं. फीडचा उजेड डिशच्या बाहेर सांडला तर एलएनएला मागची गरम जमीन दिसते, २९० केल्विनची, आणि थंड आकाशाचा सगळा फायदा गेला. उजेड मधेच पडला तर कडेची जाळी नुसती शोभेला.

१२९६ ला बहुतेक जण सेप्टम फीड वापरतात. एक नळकांडं किंवा चौकोनी डबा, मागून बंद, आत मधोमध पायऱ्यापायऱ्यांची उभी पट्टी, तिच्या एका बाजूला ट्रान्समिटचा प्रोब (डब्यात शिरणारी छोटी काडी), दुसऱ्या बाजूला रिसीव्हचा. एकातून उजवं वर्तुळाकार, दुसऱ्यातून डावं. हे फार सोयीचं आहे कारण चंद्रावरून परत येताना फिरण्याची दिशा उलटी होते, आणि प्रथा अशी की १२९६ वर आकाशात उजवं सोडायचं आणि डावं ऐकायचं. फक्त डिशवर आपटतानाही एकदा दिशा उलटते हे लक्षात ठेवा, म्हणजे फीडच्या तोंडातून डावं निघालं पाहिजे. प्रोबची अदलाबदल झाली की सगळं बरोबर असूनही आख्खा चंद्र मुका वाटतो.

गोल डबा घेणार असाल तर आतला व्यास १३.६ सेंटीमीटरपेक्षा जास्त हवा, नाहीतर १२९६ त्यात शिरणारच नाही, आणि १७.७ च्या वर गेलात तर नको असलेला दुसरा मोड, म्हणजे डब्यातून लहर चालण्याची वेगळी तऱ्हा, सुरू होतो. १६ धरा. भांडी बाजारात तांब्या-पितळेचं काम करणारे अजून आहेत, कागदावर माप नेऊन द्यायचं, पत्रा वळवून जोड मारून इतकं सुबक देतात की प्रोब बसवायला मजा येते. आतला जोड पूर्ण गुळगुळीत, कथलाचे गोळे राहू देऊ नका. ०.३९ च्या डिशला तोंडाभोवती एक चोक रिंग, म्हणजे उजेड बाहेर सांडू न देणारं कडं, लावा, पुढेमागे सरकवता येईल अशी.

---

आडगावचा_विद्यार्थी

काका एलएनए फीडजवळच लावायचा का, की खाली रूममध्ये ठेवला तर चालेल? वर पाऊस लागेल म्हणून विचारतोय.

---

पाथर्डीफाटा_काका

बाळा वरच, फीडला चिकटून. गणित सांगतो. आपली सगळी सिस्टिम मिळून ८०-९० केल्विन आली तर चांगली समजायची. एलएनएच्या आधी नुसता अर्धा डीबी लॉस झाला तर एकदम ३५ केल्विन वाढतात. आरजी २१३ ही नेहमीची केबल तर १२९६ ला १० मीटरमध्ये जवळजवळ निम्मा सिग्नल खाते, ती ट्रान्समिटलाही नको. मोबाइल टॉवरच्या कामातून उरलेली अर्धा इंची हेलिअ‍ॅक्स ही जाड केबल भंगारात मिळते, तुकडा चांगला असेल तर सोनं आहे.

एलएनएच्या आधी रिले, म्हणजे ट्रान्समिटच्या वेळी त्याला तोडणारा स्विच, हवाच. सेप्टममधे ट्रान्समिटची गळती रिसीव्हच्या बाजूला येते, २०-२५ डीबीच आयसोलेशन मिळतं, २०० वॅटला ते पुरत नाही. आणि सिक्वेन्सर लावा, आधी रिले फिरणार, मग पॉवर. शहरात शेजारच्या बिल्डिंगवर ९०० आणि १८०० चे टॉवर असतील तर पहिल्या स्टेजनंतर फिल्टर टाका, नाहीतर एलएनए त्यांच्याच आवाजानं बधिर होतो.

---

ओळंबा

काकांच्या प्रतिसादाला कितीही वेळा +१. आता नवीन लोकांना धीर यावा म्हणून हिशोब मांडतो. २.४ मीटरची डिश १२९६ ला ५५ टक्के कार्यक्षमतेनं २७.७ डीबीआय गेन (सिग्नल एका दिशेला एकवटण्याचं माप) देते. २०० वॅट म्हणजे ५३ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेतले डीबी). जाताना २७.७, येताना २७.७, त्यातून २७१ वजा केले की उणे १६२.६ डीबीएम उरतात. १०० केल्विनच्या रिसीव्हरचा अडीच किलोहर्ट्झमधला आवाज उणे १४४.६. म्हणजे स्वतःचा प्रतिध्वनी आवाजाच्या १८ डीबी खाली. कानाला काही कळणार नाही, पण क्यू६५ या कॉम्प्युटरनं वाचायच्या मोडला उणे २० च्या खालचंही वाचता येतं. आणि समोर नेदरलँड्समधल्या ड्विंगलूची २५ मीटरची जुनी दुर्बीण असेल, तिथे हौशी लोक पीआय९कॅम या कॉलसाइनवर (स्टेशनच्या ओळखनावावर) बसतात, तर २० डीबीनं सगळंच वर येतं, मग मोर्स कानानं ऐकू येईल.

हे मोड ज्यांनी लिहिले ते जो टेलर, के१जेटी. जुळ्या ताऱ्यांच्या जोडीतला पल्सार शोधल्याबद्दल १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला माणूस, आणि आपल्यासारख्यांसाठी सॉफ्टवेअर लिहून फुकट देतो. मला या छंदातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

---

आडगावचा_विद्यार्थी

ट्रान्समिटचं लायसन्स नाहीये अजून, परीक्षेचा फॉर्म भरतोय. तोपर्यंत या डिशवर काय करता येईल?

---

ओळंबा

रिसीव्हची बाजू पूर्ण पक्की करून घे, ती तशीही आधीच करायची असते. १७०० मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा यूएसबीचा एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा छोटा रिसीव्हर, पुरेल. आधी डिश थंड आकाशाकडे, मग सूर्याकडे, आणि आवाजातला फरक लिहून ठेव. सूर्य मध्यम जागा असताना २.४ मीटरला १० डीबीच्या आसपास फरक मिळाला तर फीड, एलएनए, फोकस सगळं जागेवर आहे. सहा-सातच मिळाला तर फीड एकेक सेंटीमीटर आतबाहेर कर आणि परत बघ. सूर्याकडे बरोबर बघतोय का ते कळायला मीटर लागत नाही, फीडची सावली डिशच्या बरोबर मध्यावर पडली पाहिजे.

हेच फीड १४२० मेगाहर्ट्झलाही चालतं, तिथे आकाशगंगेतल्या हायड्रोजनची २१ सेंटीमीटरची रेषा दिसते. कॉलेजच्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय नाही.

परीक्षेत जनरल ग्रेडला व्हीयू२ आणि रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३ कॉलसाइन मिळतं. मोर्स शिकून जनरलच दे.

---

सिन्नर_फॅब

आता माउंट. मी अ‍ॅझिमथ-एलेव्हेशन धरलंय, म्हणजे एक अक्ष आडवा गोल फिरवणारा आणि एक वर-खाली करणारा, खाली स्ल्यू ड्राइव्ह (गोल फिरवणारा गिअर), वर जॅक (लांब-आखूड होणारा मोटरचा दांडा). पहिल्या पोस्टमध्ये इथे अडकायला होतं म्हणालात ते काय आहे?

---

ओळंबा

हाच या धाग्याचा गाभा आहे म्हणून जरा लांबण लावतो.

चंद्राची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, दर महिन्यात उत्तर-दक्षिण झुलते. २०२४-२५ च्या सुमारास ही झेप २८.५ अंशांपर्यंत होती. आपला अक्षांश २०. म्हणजे क्रांती उत्तरेला २० च्या खाली असेल तर चंद्र पूर्वेला उगवून दक्षिणेकडून पश्चिमेला जातो, आणि २० च्या वर गेली की पूर्वेकडून उत्तरेला वळसा घालून पश्चिमेला. युरोपातल्या डिझाइनमध्ये रोटेटरचा (डिश आडवी फिरवणाऱ्या मोटरचा) स्टॉप उत्तरेला ठेवतात, त्यांचा चंद्र कधी उत्तरेला जातच नाही. आपण तसं केलं तर महिन्यातल्या ज्या दिवसांत चंद्र सगळ्यात जास्त वेळ आकाशात असतो आणि युरोपाबरोबरची खिडकीही, म्हणजे दोघांनाही चंद्र दिसण्याचा वेळ, सगळ्यात लांब असते, नेमक्या त्याच दिवसांत तो डोक्यावर आला की रोटेटर स्टॉपला टेकतो आणि ३६० अंश उलटा फिरवावा लागतो. दुसरी गोष्ट, चंद्र डोक्याच्या एक अंश जवळून गेला तर त्या क्षणी अ‍ॅझिमथ मिनिटाला १३ अंशांच्या वेगानं फिरावं लागतं. पाच अंशांवरून गेला तर मिनिटाला पावणेतीन, तेवढं कोणताही ड्राइव्ह करतो.

मार्ग दोन. एक, अ‍ॅझिमथला ३६० च्या वर, ४५० अंश तरी फिरू द्यायचं, केबलला तेवढी ढील ठेवून. दोन, आणि मला हा जास्त आवडतो, पोलर माउंट. एकच अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखलेला, नाशकात म्हणजे जमिनीपासून फक्त २० अंश वर उचललेला, जवळजवळ आडवाच. त्याभोवती डिश पूर्वेकडून पश्चिमेकडे ताशी साडेचौदा अंश फिरवायची, बस. डोक्यावरून जाताना काहीही वेगळं होत नाही. क्रांती तासाला पाव अंशाच्या आसपास बदलते आणि २.४ मीटरच्या डिशचा बीम, म्हणजे झोत, पावणेसात अंशांचा आहे, त्यामुळे ती सुरुवातीला हातानं स्क्रूवर लावायची आणि काही तासांनी एकदा बघायची. मोटर एकच. जुन्या मोठ्या छत्र्यांना ३६ व्होल्टचा जॅक असायचा तो याच कामाचा, फक्त क्रांतीच्या बाजूला दोन्हीकडे २९ अंश झुकेल असा नवा बिजागर लावावा लागेल. तो जॅक १०० अंशांच्या आसपासच फिरवतो, म्हणून त्याची रेंज पश्चिमेकडे झुकवून लावा, कारण युरोपाचा चंद्र वर येतो तेव्हा आपला बहुतेक वेळा माथ्यावर आलेला किंवा पश्चिमेला कललेला असतो. जपानसाठी उलटं, पूर्वेला. अमेरिकेसाठी मात्र दोघांच्याही क्षितिजाजवळ थोडाच वेळ मिळतो.

ही झेप १८.६ वर्षांच्या चक्रात कमीजास्त होते. २०३४ च्या सुमारास ती १८ अंशांच्या थोडी वर एवढीच राहील, तेव्हा चंद्र नाशिकच्या डोक्याच्या उत्तरेला जाणारच नाही.

---

रोहिणी_पंचवटी

यात एक जोड देते. सूर्यही आपल्या बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस, नाशकात मेच्या २० तारखेच्या आसपास. त्या दुपारी ओळंब्याची सावली पूर्ण पायाशी आली की डिश सरळ वर करून सूर्याचा आवाज सगळ्यात मोठा मिळतो का बघा. डिशचा यांत्रिक मध्य आणि रेडिओचा मध्य एकच आहे का हे एका दुपारीत कळेल. जुलैतही असा दिवस येतो पण तेव्हा ढग असतात, सावली दिसायची नाही.

---

सिन्नर_फॅब

ताई हे लिहून ठेवलं. पोलर माउंट मला पण पटलं, आडवा शाफ्ट दोन प्लमर ब्लॉकमध्ये (बेअरिंगच्या बैठकीत), मागे काउंटरवेट. वाऱ्याचं काय धरू?

---

ओळंबा

ताशी ८० किलोमीटरचा वारा ३ मीटरच्या भरीव डिशवर समोरून आला तर ३०० किलोच्या आसपास जोर येतो. जाळीला कमी, पण पाया तेवढाच धरून भरा. वळवाच्या आधी डिश आकाशाकडे तोंड करून आडवी पाडायची आणि पिन मारायची, जॅकवर कधीही भरवसा ठेवायचा नाही, जॅकचा गिअरच आधी तुटतो. गच्चीवर लावणाऱ्यांनी स्लॅबमध्ये बोल्ट ठोकू नका, कॉलमच्या डोक्यावरून आधार घ्या, वॉटरप्रूफिंग फुटलं की सोसायटी डिशच खाली उतरवेल.

---

आडगावचा_विद्यार्थी

सोसायटीवरून आठवलं, चेअरमन काका रेडिएशनचं विचारतायत. काय सांगू?

---

पाथर्डीफाटा_काका

खरं ते सांग, आकड्यासकट. २.४ मीटरच्या डिशचं तोंड साडेचार चौरस मीटर, त्यातून २०० वॅट निघाले तर चौरस मीटरला ४४ वॅट. आंतरराष्ट्रीय शिफारशीत सामान्य लोकांसाठी १२९६ ला मर्यादा साडेसहा वॅटची आहे, आणि मोबाइल टॉवरला तर आपल्याकडे २०१२ पासून त्याच्याही एक दशांश. म्हणजे ट्रान्समिट चालू असताना डिशच्या समोर कुणीही उभं राहायचं नाही, फीडमध्ये डोकावायचं तर अजिबातच नाही, डोळ्याला इजा होते. पण बीम अरुंद आहे आणि वर जातो. त्यामुळे एक लिमिट स्विच लावायचा, डिश २५ अंशांच्या खाली आली की पीटीटी (ट्रान्समिट चालू करणारा स्विच) तुटलाच पाहिजे, आणि गच्चीच्या दाराला दुसरा स्विच, दार उघडलं की ट्रान्समिट बंद. चेअरमनना वर बोलवून दोन्ही स्विच चालवून दाखव. माणसाला डोळ्यांनी दिसलं की भीती जाते.

---

निफाडकर

मी ठरवलं, मळ्यात ३ मीटरची, फॅबवाल्या दादांच्या हातची, पोलर. तार माझी. एकच राहिलं, पावसाळ्यात फीडच्या तोंडाचं काय करायचं? आमच्याकडे उघडी नळी दिसली की गांधीलमाश्या आठवड्यात पोळं करतात.

---

पाथर्डीफाटा_काका

तोंडाला पातळ प्लॅस्टिकचं झाकण लावा. कोणतं चालेल ते घरच्या मायक्रोवेव्हमध्ये बघायचं, झाकणाचा तुकडा आणि सोबत कपभर पाणी ठेवून एक मिनिट फिरवा, तुकडा गार राहिला तर घ्या, तापला तर टाकून द्या. काळ्या रंगाची प्लॅस्टिकं बहुतेक कार्बनवाली असतात, ती नकोत. कडेनं सिलिकॉन मारा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यानं तांबं हिरवं पडतं, न्यूट्रल क्युअर मागून घ्या. आणि पूर्ण हवाबंद करू नका, रात्री आत दव धरतं. डिश आडवी पाडलेली असताना फीडचा जो भाग सगळ्यात खाली येईल तिथे तीन मिलिमीटरचं एक भोक ठेवा आणि त्याला आतून बारीक जाळी लावा.